बाहुल्या चावट होतात तेव्हा

बाहुली म्हणजे मुलांचा खेळ, हा समज पीटर जॅक्सन यांनी 1989 मध्येच मोडला. 'मीट द फीबल्स' या न्यूझीलंडच्या चित्रपटात त्यांच्या बाहुल्या ओकतात, व्यसनं करतात, एकमेकांना गोळ्या घालतात. हेच दिग्दर्शक पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'कडे वळले! 'टीम अमेरिका' (2004) मधल्या दोऱ्यांवरच्या बाहुल्यांचा शृंगार अमेरिकेतल्या रेटिंग मंडळाला सोसवेना. कात्री लावल्यावरच 'आर' प्रमाणपत्र मिळालं. 'द हॅपीटाइम मर्डर्स' (2018) वर तर मुलांच्या बाहुल्यांच्या मालिकेचे, 'सेसमी स्ट्रीट'वाले कोर्टात गेले. जाहिरातीतली ओळ थांबवा म्हणाले, पण कोर्टाने नकार दिला. चित्रपट मात्र पडला.

मराठीत असा चित्रपट नाही. जवळचा नातलग म्हणजे 'झपाटलेला' (1993) मधला तात्या विंचू, रामदास पाध्ये यांनी घडवलेला. तो खुनशी आहे, शिवराळही, पण घरच्यांसोबत बघता येईल इतपतच. हिंदीत हा चित्रपट 'खिलौना बना खलनायक' म्हणून आला.

आमच्या छत्तीसगडात चावटपणाला बाहुली लागलीच नाही. नाचा या लोकनाट्यातला जोक्कड, म्हणजे विदूषक, आणि स्त्रीवेषातली परी हे काम रात्रभर करतात, तेही गावासमोर. रायपूरला जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी याच कलावंतांना 'नया थिएटर'मध्ये नेलं. फीबल्स एकदा बघून विसरावेत. नाचा मिळेल तिथे जागून बघावा.