टाळूचा स्क्रू आणि कानातले पाणी

कानाच्या पडद्याआड साचलेला द्रव मुलाला बहिरे करत नाही. तो त्याचे ऐकणे साधारण 25-30 डेसिबलने कमी करतो, म्हणजे कुजबुज जाते आणि मागच्या बाकावर बाईंचे निम्मे शब्द. दुखत नाही, पू येत नाही, म्हणून तक्रारही नाही. मूल 'लक्ष देत नाही' एवढाच शेरा मिळतो. नाकामागून मधल्या कानात हवा नेणारी युस्टेशियन नळी लहानपणी आखूड आणि आडवी असते, आणि गिळताना तिला उघडणारा स्नायू मऊ टाळूत शिरलेला असतो. या दुव्यामुळेच दंतवैद्यांचा एक जुना उपाय कानाच्या चर्चेत आला. वरच्या जबड्याला स्क्रू बसवून अरुंद टाळू रुंद करण्याची नोंद अमेरिकेत इमर्सन एंजेल यांनी 1860 मध्येच केली होती. आजच्या स्क्रूत किल्लीच्या दर पाव वळशाला साधारण पाव मिलिमीटर. टाळूच्या मधली सांध पक्की होण्याआधी हाड सरकते.

टाळू रुंदावल्यावर काही मुलांचे ऐकणे सुधारले, असे अभ्यास सांगतात. पण त्यांतले बरेचसे मोजक्या मुलांवरचे आहेत, आणि उपचार न घेतलेल्या मुलांशी तुलना अनेकांत नाही. नेमकी तीच इथे हवी, कारण हा द्रव बहुतेकदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतो आणि वयानुसार नळीही सुधारते. ग्रोमेट, म्हणजे द्रवासाठी कानाच्या पडद्यात घालायची बारीक नळी, बसवायला भूल द्यावी लागते, त्याचा लाभही काही महिन्यांनी ओसरतो, हा आक्षेप खरा आहे. मात्र तो घाई न करण्याचा मुद्दा झाला, स्क्रूच्या बाजूचा पुरावा नव्हे.

बीड जिल्ह्यातल्या गेवराईत प्रश्न आणखी वेगळा. दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि बरीच मुले फडावर जातात. रोज किल्ली फिरवायची, मग महिनोन्‌महिने स्क्रू तोंडात ठेवून तपासणीला यायचे, हे तिथे कसे जमणार? निघण्यापूर्वी एकदाच काय ते उरकावे, असे कोणी म्हणेल. पण पहिल्याच तपासणीवर उपचार केले तर आपोआप बरी होणारी मुलेही त्यात ओढली जातील. उलट जूनमध्ये शाळा उघडताच एक श्रवणचाचणी आणि सप्टेंबरअखेर दुसरी केली, तर वाट पाहण्याचे तीन महिने प्रस्थानाआधीच पुरे होतात. 2013 पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत कान आणि श्रवण आहेतच. तिची तारीख तेवढी या हिशेबाने ठरवावी. दोन्ही वेळा द्रव आणि ऐकण्यात घट आढळली, तर अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या कान-नाक-घसा विभागात पाठवावे. स्क्रू मात्र टाळू खरोखर अरुंद असेल, दातांसाठी तो बसवावाच लागणार असेल, तरच. निव्वळ कानासाठी आज तरी नको.