घर, खाडी आणि भूगोल

भूगोल म्हटला की राजधान्या, नद्या आणि पिके यांच्या याद्या आठवतात. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालकही बहुधा याच याद्यांपासून आरंभ करतात. दहावीच्या परीक्षेची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत होऊ शकते. परंतु त्याआधीच्या वर्षांत भूगोल शिकवावा कसा? नवी मुंबईत या प्रश्नाचे उत्तर पायाखालच्या जमिनीतच आहे.

हा विचार नवा नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल जिथे असेल तिथेच शिक्षण न्यावे, हे त्यामागील सूत्र होते.

पहिला पाठ भरती-ओहोटीचा घ्यावा. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मुलाने वाशीच्या खाडीकाठी मोठ्यांसोबत जाऊन पंधरा दिवस वेळा टिपाव्यात. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, हे त्याचे त्यालाच उमगेल आणि त्यातून चंद्राच्या गतीचा विषय आपोआप निघेल. भरती शाळेच्या घंटेप्रमाणे येत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला मात्र तिच्या वेळेला जाता येते.

दुसरा पाठ धारण तलावांचा. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि सखल खारजमिनीवर हे शहर उभे राहिले. त्यातील बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. भरतीच्या वेळी खाडीच्या दाबाने झडपा मिटतात व पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. हॉलंडमधील समुद्र हटवून मिळवलेली जमीन येथूनच समजावता येते.

तिसरा पाठ नकाशांचा. विमानतळासाठी उलवे येथील टेकडी कापली गेली आणि नदीचा प्रवाह वळवला गेला. या भागाचा जुना व नवा नकाशा शेजारी ठेवून मुलाला फरक शोधू द्यावा.

एवढ्याने मूल कूपमंडूक होईल, असा आक्षेप घेतला जाईल. जवळचेच शिकवून थांबलो तर तो खराही ठरेल. म्हणून प्रत्येक पाठानंतर पृथ्वीचा गोल व नकाशासंग्रह उघडलाच पाहिजे. ओळखीच्या खाडीवरून निघालेले मूल अनोळखी समुद्र अधिक सहज समजून घेते.

शेवटी प्रश्न केवळ गुणांचा नाही. आपले घर सेक्टर क्रमांकाने ओळखणाऱ्या मुलाला त्याखालची खारजमीन ठाऊक नसेल, तर उद्या तलाव बुजवावा की राखावा, तिवरे तोडावीत की जपावीत, यावर त्याने मत द्यावे कशाच्या आधारे? भूगोलाचे शिक्षण हे नागरिकत्वाचेही शिक्षण आहे, ते याच अर्थाने.