छिद्र लहान, तयारी मोठी

काही वर्षांपूर्वी लष्करातील माझ्या दवाखान्यात अकरा वर्षांचा एक मुलगा आला. डोकेदुखी, छातीत धडधड आणि अधूनमधून घामाने चिंब होणे, अशी तक्रार होती. परीक्षेचा ताण असावा असे समजून मी त्याला दोनदा औषध देऊन परत पाठविले. तिसऱ्या भेटीत त्याच्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, मोठ्या माणसांना पट्टा बांधून पाहता, तसे याला नाही का पाहायचे?" पट्टा बांधला. रक्तदाब १८०/१२० होता! पुढील तपासण्यांत उजव्या अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमाची गाठ आढळली.

"दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुरक्षित आहे ना? मग उद्याच करा," वडील म्हणाले. त्यांची घाई स्वाभाविक होती. पण धोका त्या घाईतच होता.

डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढून भारतात या पद्धतीचा पाया घातला. १९९२ मध्ये कॅनडाचे मिशेल गॅग्नर यांनी अधिवृक्क ग्रंथी याच मार्गाने काढल्याचे प्रसिद्ध केले. आज लहान, सौम्य गाठींसाठी हीच पद्धत सर्वमान्य आहे. रक्तस्राव व वेदना कमी होतात, रुग्ण लवकर घरी जातो. गाठ आसपास पसरलेला कर्करोग असल्यास मात्र पोट उघडणेच हिताचे.

फिओक्रोमोसायटोमात खरी सुरक्षितता छिद्राच्या आकारात नसते. पोटात भरलेला वायू किंवा गाठीला झालेला स्पर्श एवढ्यानेही संप्रेरके उसळून रक्तदाब भडकतो. शीर बांधताच तो कोसळतो. म्हणून आधी दहा ते चौदा दिवस अल्फा-रोधक औषध, सोबत भरपूर पाणी व मीठ. बीटा-रोधक गरज पडल्यास त्यानंतरच. क्रम उलटला तर रक्तदाब आणखी चढतो. शस्त्रक्रियेनंतर रक्तशर्कराही घसरू शकते, तिच्यावर लक्ष हवे.

वडिलांना हे समजाविण्यात एक संध्याकाळ गेली. ते थांबले. दोन आठवड्यांनी अनुभवी शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञांनी गाठ काढली. चौथ्या दिवशी मुलगा घरी आला. बालवयात हा आजार पुष्कळदा आनुवंशिक असतो, म्हणून कुटुंबीयांचीही तपासणी करविली.

त्या आजींचा प्रश्न मी विसरलो नाही. माझ्या टेबलावर आता तीन मापांचे पट्टे असतात. सहकारी मित्रहो, तीन वर्षांवरील प्रत्येक बालकाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजावा. शल्यचिकित्सकाचे कौशल्य नंतर कामी येते. आधी आपण गाठ ओळखायला हवी.