सायकलचें चाक बदलतांना

पावसाळा सरत आला कीं पुण्यामुंबईकडील सायकलच्या दुकानांत एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. कोणी गृहस्थ आपली सायकल पुढें करून तक्रार करतात कीं, मागलें चाक पुनः आउट झालें असून दोन महिन्यांत हा तिसरा आरा तुटला. दुकानदार सायकल उलटी करतो, नवा आरा बसवितो, चाकाचा आउट काढतो. आणि आठ दिवसांनीं शेजारचा आरा जातो. मग चाकच नवें घ्यावें असें गृहस्थांच्या मनांत येतें. विचार योग्य आहे. परंतु नवें म्हणजे कोणतें, येथें पुष्कळांची फसगत होते. चकाकणारी रिम आणि नांवाजलेला हब पाहून पैसे मोजले जातात, व ज्या तारांवर सगळा डोलारा उभा, त्या तारांकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं.

आरा ओझ्यानें एकाएकीं तुटतो, ही समजूत बरोबर नाहीं. सायकलचें चाक बैलगाडीच्या चाकासारखें नव्हे. गाडीचा लांकडी आरा खांबाप्रमाणें भार तोलून धरतो. सायकलचा आरा म्हणजे नुसती तार. तिला ओढतां येतें, पेलतां येत नाहीं. म्हणून चाक बांधतांनाच सर्व आरे ताणून ठेवावे लागतात. चाक जमिनीला टेकलें कीं अगदीं खालच्या थोड्या आऱ्यांचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा जवळजवळ तसाच राहतो. अर्थात् चाक फिरूं लागलें म्हणजे प्रत्येक आरा फेऱ्यागणिक एकदां सैलावतो व पुनः ताणला जातो. ७०० सी या मापाच्या चाकाचा घेर टायरसह सुमारें २.१ मीटर धरला, तर १०,००० किलोमीटरांच्या प्रवासांत ही क्रिया सुमारें ४७ लक्ष वेळां घडते. तार पुनः पुनः वांकविली म्हणजे जशी तुटते, तसाच हा प्रकार; आणि म्हणूनच आरा बहुधा मधें न तुटतां हबच्या भोंकांतील वांकणापाशीं तुटतो. जोब्स्ट ब्रँड्ट या अमेरिकन इंजिनिअरानें १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकांत या विषयाची मीमांसा विस्तारानें केली आहे. यावरून निघणारें अनुमान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल: सैल आरा घट्ट आऱ्याच्या आधीं तुटतो.

आतां मागल्याच चाकावर हा प्रसंग वारंवार कां यावा? एक तर स्वाराचा व कॅरियरवरील सामानाचा मोठा वांटा त्याच्यावर पडतो. दुसरें असें कीं, उजव्या बाजूस दातेरी चक्रांचा संच बसवावयाचा असल्यामुळें हबची उजवी कड आंत घ्यावी लागते. त्यायोगें उजवे आरे उभे व फार ताठ, तर डावे तिरपे व ढिले राहतात. हबची रुंदी जितकी जास्त तितका हा दोष कमी. शर्यतीच्या जुन्या सायकलींस १३० मिलिमीटर रुंदीचे मागील हब असत, प्रवासी सायकलींस १३५. तबकडीच्या ब्रेकच्या अलीकडील सायकलींस आरपार जाणारा आंस व १४२ मिलिमीटर रुंदी असते. हब घेण्यापूर्वीं मागील चिमट्याचें अंतर पट्टीनें मोजावें. पोलादी फ्रेम जाणत्या कारागिराच्या हातून चारपांच मिलिमीटर फांकवितां येते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमशीं तो खेळ कदापि करूं नये.

आऱ्यांच्या संख्येविषयीं आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा कित्ता गिरवावा. त्यांना पुढें ३२ व मागें ४० आरे असत. रोज कचेरीस जाणारी व सुटींत वरंध घाट उतरून कोंकणांत जाणारी सायकल असेल, तर मागें ३६ आरे असावेत. पुढें ३२ चालतील. हल्लीं २० किंवा २४ आऱ्यांचीं चाकें ऐटीनें विकलीं जातात. शर्यतींत मागून मदतीची मोटार येत असेल तर तीं शोभतात. त्यांतला एक आरा तुटला कीं रिम इतकी कलते कीं ती ब्रेकला किंवा फ्रेमला घांसून चाक फिरेनासें होतें. ३६ आऱ्यांच्या चाकांतला एक गेला तर ब्रेक थोडा सैल करून पुढचें गांव गांठतां येतें. आरे मात्र न गंजणाऱ्या पोलादाचे, दोन्ही टोकांस २ व मधें १.८ मिलिमीटर जाडीचे घ्यावेत. मधला बारीक भाग रबरासारखा थोडा अधिक ताणला जातो. त्यामुळें खड्ड्यांत रिम दबली तरी आरा पुरता ढिला पडत नाहीं, आणि वांकणावरचा जाच कमी होतो.

मापाच्या बाबतींत दुकानांतील बोलीवर विसंबूं नये. दांडीच्या ब्रेकच्या जुन्या सायकलचें ‘२८ × १॥’ हें चाक टायर बसण्याच्या जागीं ६३५ मिलिमीटर व्यासाचें असतें. ७०० सी चाकाचा तोच व्यास ६२२ मिलिमीटर. २८ इंची मात्र दोघांसही म्हणतात! २६ इंचींतही ५५९ आणि ५९० असे दोन भाऊ आहेत. टायरवर छापलेला तीन आंकडी व्यास वाचावा, म्हणजे घोटाळा होत नाहीं. रिम दुहेरी भिंतीची व ॲल्युमिनियमची असावी. मुलामा दिलेल्या लोखंडी रिमवर पावसांत ब्रेक घसरतो.

हबांत दोन जाती आहेत. जुन्या जातींत फ्रीव्हील हबवर आट्यांनीं बसतें, आणि उजवीकडे आंसाचा बराचसा भाग निराधार राहतो. सामान लादलेल्या सायकलचा आंस तेथेंच वांकतो. शिमानो या जपानी कंपनीनें १९७८ सालीं आणलेल्या फ्रीहबांत उजवे छरे अगदीं टोकाशीं नेलेले असतात, म्हणून प्रवासास तो बरा. बंद बेअरिंग कीं सुटे छरे, हा वाद रंगतो खरा. बंद बेअरिंग चिखलांत टिकतें, पण बदलावयास दाबयंत्र लागतें. मागील हबांत बाजूगणिक पाव इंचाचे नऊ छरे बहुधा असतात. ते, वंगण आणि कोन कसण्याचे दोन पातळ पाने एवढ्यावर तालुक्याच्या गांवींही काम भागतें. दूर जाणाऱ्यानें सुटे छरेच पत्करावेत.

राहिला बांधणीचा प्रश्न. यंत्रावर बांधलेलें चाक दिसावयास सरळ असतें, परंतु त्याचे आरे पुष्कळदां कमी ताणलेले असतात. असें चाक घेतल्यास तें लगेच चांगल्या कारागिराकडे द्यावें. तो एकाच बाजूचे आरे छेडून त्यांचा सूर जुळतो कीं नाहीं पाहील, निपल कसील, आणि शेजारचे समांतर आरे जोडीजोडीनें मुठींत जोरानें आवळील. या आवळण्यानें वांकणें हबच्या भोंकांत नीट बसतात व तारेंत राहिलेला जाच निघून जातो. महाग हबाचे पैसे वांचवून ते या मजुरीवर खर्चावेत.

नव्या चाकाबरोबरच जादा आरे मागून घ्यावेत. पुढचे, मागचे डावे व मागचे उजवे यांच्या लांबींत एकदोन मिलिमीटरांचा फरक असतो. म्हणून प्रत्येकीं दोनतीन घेऊन, त्यांवर खूण करून, फ्रेमच्या मागील नळीस चिकटपट्टीनें बांधून ठेवावेत. उजवा आरा बसविण्यास दातेरी चक्रें काढावीं लागतात. त्याचें हत्यार आऱ्यांच्या पान्याशेजारींच थैलींत असावें.