विश्लेषण : पुस्तकावरची चर्चा रंगते कशी?

कोल्हापूरची वाचनपरंपरा जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या वि. स. खांडेकरांची ही कर्मभूमी, तर ‘झोंबी’कार आनंद यादव कागलचे. आज ‘वाचनकट्टा’, ‘पुस्तक भिशी’ अशा नावांनी छोटे गट जमतात. मात्र दोन-तीन जणच बोलू लागले, की बाकीचे हळूहळू येणे बंद करतात आणि गट मोडतो. तो टिकवणे बऱ्याच अंशी चर्चा चालवणाऱ्याच्या हाती असते.

सूत्रधाराने किती बोलावे?

कमीत कमी. लेखकाची ओळख दोन-तीन मिनिटांत संपवावी. सूत्रधाराने स्वतःचे मत आधीच मांडले, तर इतर जण त्याला मान डोलावतात. प्रश्न विचारल्यानंतरची शांतता लगेच भरून काढू नये. लोक विचार करत असतात.

प्रश्न कसे असावेत?

‘पुस्तक आवडले का?’ याचे उत्तर एका शब्दात संपते. त्याऐवजी पुन्हा पानांकडे नेणारे पाच-सहा प्रश्न लिहून आणावेत. उदाहरणार्थ, खांडेकरांच्या ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतःची बाजू स्वतः सांगतात. देवयानीची बाजू तिच्याच तोंडून ऐकल्यावर तिच्याविषयीचे मत बदलले का? कोणत्या प्रसंगामुळे? वडिलांना तारुण्य देणारा पुरू मात्र निवेदक नाही. तो बोलला असता, तर काय म्हणाला असता?

एकच जण बोलत राहिला तर?

सुरुवातीलाच प्रत्येकाला लक्षात राहिलेला एक प्रसंग अर्ध्या मिनिटात सांगायला लावावा. एकदा तोंड उघडले, की भीड चेपते. लांबण लागलीच, तर ‘हा मुद्दा इतरांना कसा वाटतो?’ असे म्हणून सूत्र पुढे द्यावे.

चर्चा भरकटली तर?

‘झोंबी’त शाळेसाठी झगडणारा मुलगा आणि त्याला शेतात राबवणारा बाप आहे. अशा पुस्तकावर ‘आमच्या वेळी...’ हे येणारच. ते तोडू नये. कदाचित त्यासाठीच ती व्यक्ती आलेली असते. पण आठवण सांगण्याची सक्तीही कोणावर नको. नंतर ‘बाप असा का वागतो, हे पुस्तकात कुठे कळते?’ असे विचारून पुस्तकाकडे परत यावे. मतभेद झाले, तरी हाच प्रश्न उपयोगी पडतो. वाद माणसांवरून मजकुरावर येतो.

पुस्तक अर्धेच वाचले असेल तर?

तरीही यावे, हे निरोपातच लिहावे. बैठकीत एखादे पान मोठ्याने वाचले, की त्यांनाही बोलता येते. शेवट उघड होणार असेल, तर आधी सांगावे.

शेवट कसा करावा?

ठरलेल्या वेळी. निष्कर्ष काढण्याची गरज नाही. पुढचे पुस्तक, तारीख आणि सूत्रधार तिथेच ठरवावा. सूत्रधार दर वेळी बदलला, तर गट एकाच्या खांद्यावर राहत नाही.