गुरुग्रामच्या हवेत काडी जगवताना

कोकणात पावसाळ्यात पानओव्याची काडी मातीत खोचून विसरलं तरी ती जगते. गुरुग्राममध्ये तीच काडी मे महिन्यात बाल्कनीत लावली, तर दुपारपर्यंत मान टाकते. मग "माझ्या हाताला गुणच नाही" असं ऐकू येतं. दोष हाताचा नाही, हवेचा आहे. कापलेल्या काडीला मुळं नसतात, पण पानांतून पाणी उडत राहतं. पारा 45 अंशांच्या आसपास, हवा कोरडीठाक आणि वर लू. मुळं फुटायला लागणारे आठवडा-पंधरा दिवस तिला मिळतच नाहीत.

म्हणून इथे दोनच हंगाम धरावेत: फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत आणि पाऊस लागल्यापासून दसऱ्यापर्यंत.

पुदिन्यासाठी भाजीवाल्याची जुडी पुरते. तिच्यातली टवटवीत शेंड्याची काडी घ्या, पेराच्या जरा खाली कापा, खालची पानं खुडा, शेंड्याची चारच ठेवा. बुडाची एक-दोन पेरं पाण्यात राहतील अशी ती ग्लासात उभी करा. पाण्यात बुडालेलं पान कुजतं, म्हणून खुडण्यात कुचराई नको. कोवळ्या शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संजीवक खाली उतरतं, कापलेल्या टोकाशी साठतं आणि तिथे मुळं धरू लागतात. फ्रिट्स वेंट यांनी 1928 मध्ये नेदरलँड्समध्ये ओटच्या कोंबांवरच्या प्रयोगांतून शेंड्यात असं संजीवक तयार होऊन खाली उतरतं हे दाखवून दिलं. रोपवाटिकेतल्या रूटिंग पावडरमध्ये त्याच जातीचं संजीवक असतं. पुदिन्याला तिची गरज नाही. रोझमेरीच्या चिवट काडीला मात्र ती जरूर लावावी.

पाण्याचं एक सांगायलाच हवं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची पद्धत इथे घरोघरी आहे. त्यात क्षार एकवटलेले असतात. कोवळ्या मुळांना ते मुळीच देऊ नये. ते फरशीसाठी ठेवावं.

माझा खरा जीव अडकतो तो तुळशीत. कार्तिकात थाटानं तिचं लग्न लागतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात तीच काळवंडते. महाराष्ट्रातून आलेल्या घरांना पहिल्या वर्षी हे फार लागतं. उपाय सप्टेंबरातच करायचा. मंजिरी न आलेला, वीतभर लांबीचा कोवळा शेंडा पाण्यात ठेवायचा. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की लहान कुंडीत लावायचा आणि थंडीभर घरात, दक्षिणेच्या खिडकीशी सांभाळायचा. फेब्रुवारीत तेच रोप वृंदावनात येतं. मंजिरीवाली फांदी घेऊ नका; तिचं सगळं बळ बियांकडे वळलेलं असतं.

गवती चहाला काडी नसतेच, मुळांसकट ठोंब फोडून लावावा. कढीपत्त्याच्या फांदीला मात्र सहसा मुळं धरत नाहीत. जुन्या झाडाच्या बुडातून आलेला फुटवा मुळासकट काढावा, नाहीतर पिकलेल्या काळ्या फळातलं ताजं बी लगेच पेरावं. थंडीत त्याची पानं गळली तरी उपटू नका, पाणी कमी करा. मार्चमध्ये त्याला नवी पालवी फुटते.