मनाच्या आजाराचा कागद

कोणास विषमज्वर झाला आणि तो उतरला, म्हणजे वर्षभरानें शेजाऱ्यांस त्याची आठवणहि राहत नाहीं. परंतु एखाद्याचें मन आजारी पडलें व दवाखान्यांत त्याच्या नांवाचा कागद झाला, कीं तो माणूस बरा होऊन कामास लागला तरी कागद त्याच्या पाठीमागें चालत राहतो. सोयरीक जुळवितांना तो आठवतो, नोकरीच्या वेळीं आठवतो, आणि जमिनीच्या वांटणींत भाऊबंदांस तर तो हटकून आठवतो. यामुळेंच आपल्या मुलास झोप नाहीं, त्याचें चित्त थाऱ्यावर नाहीं, हें दिसत असूनहि पुष्कळ पालक डॉक्टरांकडे जाण्यास कचरतात. 'नांव लागेल' ही भीति आजाराहून मोठी होऊन बसते. हा कागद कोणाचा, तो कोणीं पाहावा आणि कोणीं पाहूं नये, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं नीट समजून घेतलें तर ही भीति बरीच कमी होईल असें आम्हांस वाटतें.

वारणेच्या कांठाहून कोल्हापूर कांहीं दूर नाहीं, आणि या विषयाचें एक मोठें दुःखद उदाहरण त्याच शहराच्या इतिहासांत आहे. १८७० सालीं कोल्हापूरचे छत्रपति राजाराममहाराज युरोपच्या प्रवासांत फ्लॉरेन्स येथें निवर्तले. पुढल्या वर्षीं चौथे शिवाजीमहाराज गादीवर दत्तक आले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें आठ वर्षांचें होतें. त्यांचें शिक्षण आणि संस्थानचा कारभार हीं दोन्हीं इंग्रज सरकारच्या देखरेखीखालीं चालत. महाराज वयांत येऊं लागले त्या सुमारास त्यांस बुद्धिभ्रंश झाला आहे असें सरकारनें ठरविलें, आणि १८८२ सालीं कागलचे जयसिंगराव घाटगे यांस रीजंट नेमून कारभार त्यांच्याकडे सोंपविला.

महाराजांच्या मनाची अवस्था खरोखर कशी होती, हें बाहेरच्यांस कळण्यास मार्ग नव्हता. आणि जेथें खरें कळत नाहीं तेथें अफवा पिकतात. कारभारी माधवराव बर्वे हे महाराजांचा छळ करीत आहेत असा बोभाटा झाला. बर्व्यांचीं म्हणून दाखविलेलीं कांहीं पत्रें पुण्यास पोंचलीं, व 'केसरी' आणि 'मराठा' या वृत्तपत्रांनीं कारभाऱ्यांवर कडक टीका केली. पुढें तीं पत्रें बनावट ठरलीं. अब्रुनुकसानीच्या खटल्यांत बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांस चार-चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि १८८२ सालीं ते दोघेहि मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस राहिले. इकडे महाराजांस अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यांत नेऊन ठेवण्यांत आलें. तेथें २५ डिसेंबर १८८३ रोजीं, त्यांच्यावर नेमलेल्या एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं ते वीस वर्षांचे होते.

या प्रकरणाकडे आपण केवळ राजकारण म्हणून पाहूं नये. सरकारी खलित्यांत, वर्तमानपत्रांत आणि बाजारांत एका तरुणाच्या मनाविषयीं सर्वजण बोलत होते. त्याचें स्वतःचें म्हणणें मात्र त्या गलबल्यांत हरवलें. ज्या दप्तरांत त्याच्याविषयींचा निर्णय लिहिला गेला, तें त्याच्या हातचें नव्हतें. त्या निर्णयानें त्याचा अधिकार गेला, घर सुटलें, आणि एकशें चाळीस वर्षांनंतरहि इतिहासांत त्याच्या नांवाजवळ तोच एक शब्द लिहिलेला आढळतो. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. मनाच्या आजाराचें दप्तर जगाला बंद असावें, आणि ज्याच्याविषयीं तें लिहिलें त्याला तें उघडें असावें. कोल्हापुरास नेमकें याच्या उलट घडलें.

आपल्या देशाच्या कायद्यास हें तत्त्व मान्य होण्यास बराच काळ लागला. ब्रिटिश अमदानींतील १८५८ व १९१२ च्या कायद्यांत रुग्णास 'वेडा' याच अर्थाचा शब्द होता, आणि त्यास कोठें ठेवावें व त्याच्या मालमत्तेची व्यवस्था कशी करावी, यावरच मुख्य भर होता. १९८७ च्या कायद्यानें ते शब्द बदलले. पुढें २०१७ सालीं मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला व २९ मे २०१८ पासून तो अमलांत आला. त्याच्या २३ व्या कलमानें रुग्णाच्या आजाराची व उपचाराची माहिती गुप्त राखणें हा त्याचा हक्क ठरविला. उपचारासाठीं दुसऱ्या डॉक्टरांस, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस, कोणाच्या जिवास धोका असल्यास, किंवा न्यायालयाच्या आज्ञेनें, अशा मोजक्याच प्रसंगीं ती सांगतां येते, आणि तीहि अवश्य तेवढीच. २४ व्या कलमाप्रमाणें रुग्णाच्या संमतीवांचून त्याचें छायाचित्र किंवा माहिती वृत्तमाध्यमांस देतां येत नाहीं. २५ वें कलम रुग्णास आपले कागद पाहण्याचा हक्क देतें. त्यांतील कांहीं भाग पाहून त्याच्या मनास गंभीर अपाय होईल असें वाटल्यास तेवढा राखून ठेवतां येतो, परंतु त्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागण्याची वाट त्यास सांगावी लागते.

याच कायद्याचें तिसरें कलमहि महत्त्वाचें आहे. पूर्वीं कधीं उपचार घेतले होते एवढ्याच कारणानें आज किंवा पुढें कोणास मनोरुग्ण ठरवितां येत नाहीं, असें तें सांगतें. तसेंच, मानसिक आजार आहे म्हणून माणसाची बुद्धिच भ्रष्ट झाली असें समजतां येत नाहीं. तें ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. तत्पूर्वीं १९८८ सालीं घटस्फोटाच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि म्हटलें होतें कीं, रोगाचें नुसतें नांव पुरेसें नाहीं, त्याची तीव्रता पाहिली पाहिजे.

जुना कागद माणसाची योग्यता सांगूं शकत नाहीं, याचें एक उदाहरण अमेरिकेंतील आहे. १९७२ सालीं थॉमस ईगलटन यांची उपाध्यक्षपदासाठीं उमेदवारी जाहीर झाली. पूर्वीं त्यांनीं विषण्णतेवर रुग्णालयांत उपचार घेतले होते, ही गोष्ट बाहेर फुटली आणि अठरा दिवसांत त्यांस माघार घ्यावी लागली. परंतु त्याच गृहस्थांनीं पुढें १९८७ पर्यंत सिनेटचे सभासद म्हणून आपलें काम पार पाडलें.

कायदा असला म्हणजे कागद आपोआप सुरक्षित राहतो, असेंहि नाहीं. फिनलंड देशांत एका मानसोपचार संस्थेच्या संगणकांतून तीस हजारांहून अधिक रुग्णांचीं टिपणें चोरीस गेलीं, आणि २०२० सालीं चोरानें एकेका रुग्णास धमकीचीं पत्रें पाठवून पैसे मागितले. मनांतील जें दुःख त्यांनीं घरींहि सांगितलें नव्हतें तें असें परक्याच्या हातीं पडलें. आपल्याकडे अशा चोराचीहि गरज पडत नाहीं. औषधाच्या चिठ्ठीचें छायाचित्र काढून तें नातेवाइकांच्या समूहावर पाठविलें, कीं तेवढ्यानें काम होतें.

शाळाहि यांतून सुटत नाहीं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक', 'शाळा सोडण्याचें कारण' आणि 'शेरा' असे रकाने असतात. एखादी मुलगी खचून जाऊन वर्ष गमावते. तिच्या दाखल्यावर त्या आजाराचा उल्लेख करणें म्हणजे पुढच्या प्रत्येक दारावर तिच्या आधीं तो कागद पोंचविणें होय. शिक्षकांनीं अशा वेळीं लेखणी आवरावी, आणि शिक्षकांच्या खोलींत जिव्हाहि आवरावी.

पालकांस आमची विनंति अशी कीं, कागदाच्या भीतीनें उपचार टाळूं नयेत. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रतिनिधि कायद्यानें त्याचे पालकच असतात; तेव्हां त्याचें गुपित राखण्याचा पहिला भार त्यांच्यावरच आहे. चिठ्ठ्या व अहवाल जपून ठेवावे, आणि ते कोणीं मागितल्यास कशासाठीं हवे आहेत तें विचारावें. विवाहासारख्या प्रसंगीं खरें सांगणें हें प्रामाणिकपणाचें आहे; परंतु तें ज्याचें त्यानें सांगावें, तिऱ्हाइतानें सांगूं नये.

विद्यार्थ्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, मनावर भार वाटल्यास तो घरीं किंवा विश्वासाच्या शिक्षकांपाशीं बोलावा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस ही दूरध्वनिसेवा २०२२ पासून विनामूल्य चालू आहे. आणि वर्गांतील एखादा सोबती कांहीं महिने दिसेनासा होऊन परत आला, तर कोठें होतास, काय झालें होतें, असें सर्वांसमक्ष विचारूं नका. बाकावर त्याच्यासाठीं जागा करा आणि बुडालेल्या धड्यांच्या वह्या त्यास द्या.